सहासष्टाव्या वर्षी आर्चबिशप: टार्ससचे थिओडोर

इंग्लंडमधल्या चर्चची घडी ज्यांनी बसवली ते थिओडोर मूळचे टार्ससचे. आज तुर्कस्तानात असलेलं हे गाव संत पौलाचं जन्मगाव. थिओडोर यांचा जन्म ६०२ च्या सुमाराचा, भाषा ग्रीक. तरुणपणी त्यांच्या मुलखावर आधी इराण्यांच्या आणि मग अरबांच्या स्वाऱ्या झाल्या. कॉन्स्टँटिनोपलला शिकून पुढे ते रोममध्ये मठवासी झाले.

६६४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधल्या बिशपांचे प्रमुख, वारले. त्याच वर्षी इंग्लंडात साथीचा कहर झाला. त्यांच्या जागी निवडलेले विगहार्ड दीक्षेसाठी रोमला गेले, तर तिथल्या साथीने त्यांनाही नेलं. पोप व्हिटालियन यांनी मग नेपल्सजवळच्या मठाचे प्रमुख हेड्रियन यांना गळ घातली. मूळच्या आफ्रिकेतल्या हेड्रियन यांनी नकार देत अखेर थिओडोर यांचं नाव सुचवलं. पोपनी ते मानलं, पण हेड्रियन यांनी सोबत जायचं या अटीवर. पूर्वेकडच्या रीतीने थिओडोर यांच्या डोक्याचा चकोट केलेला होता. रोमन पद्धतीने भोवती केसांचं कडं राखायचं, तर आधी केस हवेत! त्यासाठी चार महिने थांबावं लागलं. २६ मार्च ६६८ रोजी दीक्षा झाली आणि २७ मे ६६९ रोजी ते कँटरबरीला पोचले.

तिथे बिशप मोजकेच उरले होते. थिओडोर यांनी देशभर फिरून रिकाम्या जागा भरल्या. चॅड या बिशपची दीक्षा सदोष ठरली. ते निमूटपणे पद सोडायला निघाले, तेव्हा त्यांची नम्रता पाहून थिओडोर यांनी विधी पुरा करून त्यांना मर्सिया या राज्याचं बिशपपद दिलं. चॅड पायीच हिंडत, म्हणून या म्हाताऱ्या आर्चबिशपनी त्यांना स्वतःच्या हातांनी घोड्यावर बसवलं. ६७२ साली (काहींच्या मते ६७३) हार्टफर्डच्या धर्मसभेत एका बिशपने दुसऱ्याच्या हद्दीत ढवळाढवळ करू नये, असे नियम ठरले.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांनी हेड्रियन यांच्यासह चालवलेली कँटरबरीची शाळा. तिथे ग्रीक, लॅटिन, छंदशास्त्र, खगोल आणि सणांच्या तिथींचं गणित शिकवत. या शिकवणीतल्या बायबलवरच्या टिपा मिलानच्या एका हस्तलिखितात सापडल्या. टार्ससच्या पूर्वेकडच्या एडेसा शहराची कलिंगडं एवढी मोठी, की उंटाला जेमतेम दोन पेलवतात, असं त्यांत आहे. केंटमधल्या पोरांना गुरुजी आपल्या मुलखाकडची फळं सांगत होते.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. ६७८ मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या राजाने बिशप विल्फ्रिड यांना घालवलं, तेव्हा थिओडोर यांनी विल्फ्रिड यांना न विचारता त्यांच्या प्रांताचे तुकडे केले. विल्फ्रिड यांनी रोमला दाद मागितली, निकालही त्यांच्या बाजूने लागला. तरी समेटाला बरीच वर्षं गेली. पण ६७९ मध्ये ट्रेंट नदीकाठी मर्सियाच्या राजाशी झालेल्या लढाईत याच राजाचा भाऊ पडला, तेव्हा पुढचं सूडसत्र थिओडोर यांनीच थांबवलं. रक्ताबदली रक्त न घेता भरपाईवर दोन्ही राजांचा तह झाला.

१९ सप्टेंबर ६९० रोजी, ८८ व्या वर्षी ते वारले. सगळ्या इंग्लिश चर्चने ज्यांना मानलं असे ते पहिले आर्चबिशप, असं बीड हे इतिहासकार लिहितात. आधीच्या आर्चबिशपांना कँटरबरीच्या मठातल्या चर्चच्या ओसरीत पुरलं होतं. तिथे जागा उरली नव्हती, म्हणून थिओडोर यांना आत पुरण्यात आलं.