छतावर सौर संच: अनुदान कोणाला, किती आणि अर्ज कसा करायचा

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' आणली. उद्दिष्ट १ कोटी घरांचं, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची, मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत. नावात मोफत वीज असली तरी सरकार प्रत्यक्षात संच बसवण्याच्या खर्चातला काही भाग उचलतं.

संचाच्या क्षमतेतल्या पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. ५ किलोवॅट बसवले तरी तेवढेच. घराच्या गरजेपुरता सरकारी पैसा, त्यापुढचा खर्च ज्याचा त्याने करावा, असा हा हिशेब आहे आणि तो मला योग्य वाटतो. १ किलोवॅटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात. तेव्हा वर्षभराची बिलं समोर ठेवून सरासरी काढा. नुसतं मे महिन्याचं बिल पाहून संच ठरवू नका. दीडशे युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट पुरतात. विक्रेता मोठा संच सुचवेलच, त्यात त्याचा फायदा असतो.

अर्जदार भारतीय नागरिक हवा. स्वतःचं घर, पॅनेल बसतील असं छत आणि चालू वीजजोडणी हवी. सौर पॅनेलसाठी आधी दुसरं अनुदान घेतलेलं नसावं. गृहनिर्माण संस्थांना जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप अशा सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात.

कागदपत्रं मोजकीच: अलीकडचं वीजबिल, ओळखपत्र, छताच्या मालकीचा पुरावा, बँक पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश. खरी अडचण नावाची. कित्येक घरांत वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर येतं. आधार आणि बँक खात्यावर एक नाव, बिलावर दुसरं, असं असेल तर पैसे अडकतात. म्हणून वीज कंपनीकडे आधी नावबदलाचा अर्ज करा, तो मंजूर झाला की मगच योजनेकडे वळा.

योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी होते. राज्य, वीज वितरण कंपनी आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक भरून अर्ज करायचा. १० किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वेगळी तांत्रिक तपासणी होत नाही. मंजुरीनंतर पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांतूनच एक निवडायचा, कारण बाहेरच्याकडून बसवलेल्या संचाला अनुदान नाही. पॅनेल देशात बनवलेल्या सेलचेच लागतात आणि ५ वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते. दोन्ही गोष्टी करारात लिहून घ्या. दरपत्रकात जीएसटीही तपासा. सौर उपकरणांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

संच बसला की नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) लागतो, वीज कंपनी पाहणी करते आणि पोर्टलवर कार्यान्वयन अहवाल, म्हणजे संच सुरू झाल्याची नोंद, तयार होतो. त्यानंतर बँक तपशील भरायचा. अनुदान थेट खात्यात येतं. तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. विनातारण कर्जाची सोय आहे, त्याचा अर्ज वेळेत करून ठेवा.

बॅटरी नसलेला संच लाइट गेली की बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. भारनियमन असलेल्या भागात हे आधीच विक्रेत्याशी बोलून घ्या. बिलातला स्थिर आकार मात्र संच बसवल्यावरही भरावाच लागतो.