टॉवर उभारण्यापूर्वी एफएएला कसं कळवायचं: अर्ज 7460-1 आणि एअर अ‍ॅम्ब्युलन्सच्या वाटेतल्या तारा

ऑक्टोबर 2008. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या अरोरा इथे एका बाळाला रुग्णालयात नेणारं हेलिकॉप्टर रात्री रेडिओ टॉवरच्या तणाव्याला, म्हणजे आधाराच्या तारेला, धडकलं. आतले चौघेही गेले. 700 फुटांपेक्षा उंच टॉवर, पण अंधारात दिवा दिसला तर खांबावरचा दिसतो. खांबापासून लांबवर तिरक्या ताणलेल्या तारांना दिवे नसतात.

अमेरिकेत टॉवर, पवनचक्की किंवा क्रेन उभी करण्याआधी फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला, म्हणजे विमान वाहतूक पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेला (एफएए), अर्ज 7460-1 भरून कळवावं लागतं. हा परवाना नव्हे, सूचना आहे. बांधकाम थेट थांबवण्याचा अधिकार एफएएकडे नाही. तरीही तिचा अभिप्राय हातात नसेल तर पुढचे परवाने अडतात.

कोणी कळवायचं?

जो उभारणार त्याने, किंवा त्याच्या प्रतिनिधीने. जमिनीपासून 200 फुटांपेक्षा उंच असलेलं काहीही, कुठेही असो, कळवायचंच. विमानतळाजवळ त्याहून बुटक्या बांधकामालाही नियम लागतो. धावपट्टी 3,200 फुटांपेक्षा लांब असेल तर तिच्यापासून 20,000 फुटांच्या अंतरात 100 ला 1 असा चढ धरतात, म्हणजे दर 100 फूट अंतराला 1 फूट उंची. हेलिपोर्टसाठी, म्हणजे हेलिकॉप्टर उतरण्याच्या तळासाठी, अंतर 5,000 फुटांचं आणि चढ 25 ला 1.

हिशोब सोपा आहे. हेलिपोर्टपासून 1,500 फुटांवर तुमची जागा असेल तर 1,500 भागिले 25, म्हणजे 60 फूट. तुमची जमीन हेलिपोर्टपेक्षा 20 फूट उंचावर असेल तर उरले 40. त्याच्या वर गेलात की अर्ज.

आता खरी मेख. हा 25 ला 1 चा नियम सार्वजनिक वापराच्या, लष्करी किंवा केंद्र सरकारच्या हेलिपोर्टना लागतो, आणि ज्यांना नजरेऐवजी उपकरणांवर विसंबून उतरण्याची, एफएएने मंजूर केलेली पद्धत आहे त्यांना. रुग्णालयाचं खासगी हेलिपॅड यांपैकी कशातच बसत नसेल, तर शेजारी 150 फुटांचा खांब उभा राहिला तरी कागदोपत्री कोणाचं काही चुकत नाही. माझं मत विचाराल तर नियम लागत नसला तरी सूचना द्या आणि त्या रुग्णालयालाही एक पत्र टाका.

20 फुटांपर्यंतच्या अँटेनाला सूट आहे, मात्र ती आधीच्याच अँटेनाच्या खांबाची उंची वाढवणार असेल तर नाही. क्रेन हमखास विसरली जाते. इमारत 190 फुटांची, क्रेन 240 ची: मग क्रेनसाठी सूचना हवीच.

कधी आणि काय जोडायचं?

काम सुरू होण्याच्या किंवा बांधकाम परवान्याचा अर्ज देण्याच्या, यांत जे आधी असेल त्याच्या किमान 45 दिवस आधी. अर्ज एफएएच्या संकेतस्थळावर भरता येतो, शुल्क नाही.

लागतं ते असं: जागेचे अक्षांश-रेखांश, जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची, बांधकामाची जमिनीपासूनची उंची, दोन्हींची बेरीज, ठिकाण खूण केलेला नकाशा, आणि असल्यास सर्वेक्षकाचं प्रमाणपत्र. प्रक्षेपण करणार असाल तर वारंवारिता आणि शक्तीही. उंचीत टोकाचा दिवा आणि वीजरोधकही धरायचा. जमिनीची उंची फोनवर बघून लिहू नका. पवनचक्क्या अनेक असतील तर प्रत्येकीची नोंद वेगळी.

नंतर काय?

‘धोका नाही’ असा अभिप्राय आला तर तो 18 महिने चालतो; मुदतवाढ हवी असेल तर संपण्याच्या किमान 15 दिवस आधी मागायची. ‘धोका गृहीत’ अशी नोटीस आली तर उंची कमी करा किंवा पुढचा अभ्यास मागा.

अभिप्रायात अर्ज 7460-2, म्हणजे प्रत्यक्ष उभारणीची सूचना, सांगितला असेल तर टॉवर पूर्ण उंचीला पोहोचल्यापासून 5 दिवसांत तो भरायचा. हे नुसतं सोपस्काराचं कलम समजू नका. एअर अ‍ॅम्ब्युलन्सच्या वैमानिकाला निघण्यापूर्वी वाटेतले अडथळे पाहून दिवसा किमान 300 आणि रात्री किमान 500 फूट वरून जाईल अशी आखणी करावी लागते. एप्रिल 2017 पासून अशा हेलिकॉप्टरमध्ये भूभागाचा इशारा देणारं उपकरणही सक्तीचं आहे. दोन्हीकडे अडथळ्यांची माहिती येते ती अशाच नोंदींतून. तुमचा टॉवर नोंदीत नसेल तर वैमानिकाच्या हिशोबात तिथे मोकळं आकाश असतं.

दिव्यांचंही एक आहे. रात्री हे वैमानिक नाइट व्हिजन गॉगल लावतात आणि काही लाल एलईडी दिवे त्यांतून दिसतच नाहीत. गॉगल बाजूला करून पाहिलं तर लख्ख. म्हणून दिवे घेताना अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश देणारे आहेत ना, हे पुरवठादाराला विचारा. दिवा बंद पडून अर्ध्या तासात लागला नाही तर फ्लाइट सर्व्हिसला, म्हणजे वैमानिकांना माहिती पुरवणाऱ्या सेवेला, कळवायचं, म्हणजे वैमानिकांसाठी नोटॅम, अर्थात सावधगिरीची सूचना, निघते.

200 फुटांखाली राहिलो की सुटलो, असं मानून वारा मोजायचे बारीक मास्ट, म्हणजे खांब, नेमके त्या रेषेच्या जरा खाली उभे केले जात. करड्या रंगाचा नळ, चहूबाजूंनी तणावे, ना दिवा ना रंग. 2016 च्या कायद्याने ग्रामीण भागातल्या 50 ते 200 फुटांच्या अशा टॉवरांकडे लक्ष वळवलं, आणि 2018 च्या दुरुस्तीने वारा मोजणाऱ्या मास्टला रंगखूण आणि नोंद दोन्ही हवं असं ठरवलं.