ऑपरेशनच्या खोलीला ‘थिएटर’ का म्हणतात?

नाटक लागतं ते थिएटर, सिनेमा लागतो तेही थिएटर, आणि पेशंटला स्ट्रेचरवरून आत नेतात तेही थिएटरच. या तिसऱ्या ठिकाणी आज प्रेक्षक नसतात. पण एकेकाळी ते खच्चून भरलेले असत, आणि नाव पडलं ते त्यांच्यामुळेच.

ग्रीक भाषेत ‘थेआट्रॉन’ म्हणजे पाहण्याची जागा. हा शब्द मुळात रंगमंचाचा नव्हे, तर टेकडीच्या उतारावर बांधलेल्या, प्रेक्षकांच्या पायऱ्यांचा. खालचं नाचगाण्याचं गोल आवार ते ‘ऑर्केस्ट्रा’. त्यामागची नटांची राहुटी ती ‘स्केने’. तिच्यावरून ‘सीन’ आला. ‘थिअरी’सुद्धा याच पाहण्यातून निघालेली. आपलं ‘दर्शन’ देवळातही होतं आणि तत्त्वज्ञानातही असतं, तसंच हे.

आपला ‘प्रेक्षागृह’ हा शब्दही असाच, ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूवरून घडलेला. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात माणसांसाठी 64 हात लांब आणि 32 हात रुंद प्रेक्षागृह सांगितलं आहे. हात साधारण 45 सेंटिमीटरचा धरला तर ही लांबी 29 मीटरच्या आसपास भरते, आणि त्यातली निम्मीच जागा प्रेक्षकांची. याहून मोठं बांधलं तर शब्द नीट ऐकू येत नाहीत आणि चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात, हे कारणही तिथेच दिलेलं आहे.

नट उभा असतो, त्यामुळे तो लांबूनही दिसतो. शरीररचना शिकवायला टेबलावर आडवं ठेवलेलं प्रेत मात्र सपाटीवरून फक्त पहिल्या रांगेला दिसतं. उघडलेल्या पोटात डोकवायचं तर वरूनच पाहावं लागतं. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात 1595 साली उभारलेलं शरीरविच्छेदनाचं थिएटर म्हणूनच एखाद्या खोल नरसाळ्यासारखं आहे: लंबगोलाकार, एकावर एक चढत गेलेले सहा अरुंद सज्जे आणि पुढे अक्रोडाच्या लाकडाचे कठडे. बसायला जागाच नाही. विद्यार्थी कठड्याला टेकून, उभ्यानेच खाली पाहत. विच्छेदनं हिवाळ्यात होत, कारण उन्हाळ्यात प्रेत लवकर सडतं. विल्यम हार्वे इथूनच 1602 मध्ये पदवी घेऊन गेले आणि 1628 मध्ये त्यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला.

शस्त्रक्रियेने हीच रचना उचलली. लंडनमध्ये 1822 साली एका चर्चच्या माळ्यावर थाटलेलं ऑपरेशन थिएटर आजही पाहता येतं. उजेडासाठी छताला मोठी काच, तिन्ही बाजूंनी विद्यार्थ्यांच्या उभं राहण्याच्या पायऱ्या, आणि टेबलाखाली रक्त टिपायला लाकडाच्या भुशाची पेटी. भूल नव्हती. भूल देणाऱ्या ईथरचं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये 1846 साली झालं, तेही अशाच भरलेल्या थिएटरात.

मग 1867 मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत मांडली. जंतूंचं गणित कळत गेलं, तसे प्रेक्षक नकोसे झाले. माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडतात आणि त्यांच्यासोबत जंतूही. म्हणजे जितकी माणसं, तितका धोका. आजच्या थिएटरमधली हवा साधारणपणे तासाला निदान 20 वेळा बदलली जाते. ती हेपा फिल्टरमधून येते. हा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 99.97 टक्के कण अडवतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे फटीतूनही हवा बाहेरच जाते. दार सारखं उघडलं की हा दाब कोसळतो आणि कॉरिडॉरमधली हवा आत शिरते. म्हणून आत-बाहेर करणाऱ्यावर सिस्टर ओरडतात, ते अगदी बरोबर आहे.

पाहणं मात्र थांबलेलं नाही. टेबलावरच्या दिव्यात बसवलेला कॅमेरा चित्र बाहेरच्या पडद्यावर पाठवतो आणि विद्यार्थी शेजारच्या वर्गात बसून ते पाहतात. पादुआतल्या वरच्या सज्जातून जे दिसत नसे, तो टाक्याचा एकेक दोराही त्यांना दिसतो.