विमानाच्या डायोरामात दिवे बसवण्यापूर्वी

आमच्या दिव्यांच्या संचासोबतचे माहितीपत्रक

डबी उघडली की सगळे एलईडी एकदम पेटवून बघण्याचा मोह होतोच. जरूर बघा. मात्र सोल्डरिंग आयर्न तापत ठेवण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्या डायोरामातले, म्हणजे छोट्या मॉडेलच्या देखाव्यातले, विमान त्या क्षणी नेमके काय करत आहे? दुरुस्तीसाठी उभे आहे, इंजिन सुरू होत आहे की धावपट्टीवर उड्डाणाच्या तयारीत आहे? कुठला दिवा लावायचा आणि कुठला विझलेला ठेवायचा हे त्यावरून ठरते. संचात दिवे भरपूर आहेत म्हणून सगळे लावायलाच हवेत असे नाही.

कुठला दिवा कधी

डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. डावे-उजवे वैमानिकाच्या बाजूने धरायचे. वायरिंग करताना विमान बहुतेक वेळा पालथे असते, त्यामुळे घोटाळा हमखास इथेच होतो. पंखाचे दोन भाग चिकटवण्याआधी आतून मार्करने 'ला' आणि 'हि' लिहून टाका. खऱ्या विमानात लाल आणि हिरवा दिवा नाकाच्या दिशेपासून बाहेर ११० अंशांपर्यंतच दिसतो, मागचे १४० अंश शेपटीच्या पांढऱ्या दिव्याचे. म्हणून पंखाच्या दिव्याची मागची बाजू काळ्या रंगाने झाका. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल खेळण्यासारखे दिसायचे थांबते.

पाठीवरचा किंवा पोटाखालचा लुकलुकणारा लाल दिवा इंजिन सुरू करण्याच्या वेळी लागतो आणि इंजिने बंद झाल्यावर विझतो. इंजिनाची झाकणे उघडून मेकॅनिक आत डोकावत असेल आणि वर हा दिवा चमकत असेल, तर जाणकाराची नजर आधी तिथेच जाईल. पंखांवरचे पांढरे झगझगीत स्ट्रोब साधारणपणे धावपट्टीवर जातानाच लावतात, उभ्या विमानाला ते नकोत. संचातल्या सर्किटवरचा छोटा स्क्रू फिरवून लुकलुकण्याचा वेग बदलता येतो, तो मिनिटाला ४० ते १०० वेळा या मर्यादेत ठेवा. खऱ्या विमानांनाही तीच मर्यादा आहे.

दुसऱ्या महायुद्धातला रात्रीचा तळ करत असाल तर हात आणखी आखडता घ्या. शत्रूच्या विमानांना तळ दिसू नये म्हणून तिथे अंधार पाळला जाई. हँगरच्या अर्धवट उघड्या दारातून येणारा पिवळसर उजेड आणि कॉकपिटमध्ये अगदी मंद लाल, एवढे पुरते. हँगरसाठी 'वॉर्म व्हाइट' एलईडी घ्या. निळसर पांढरा उजेड त्या काळाला शोभत नाही. आधुनिक विमानतळ असेल तर धावपट्टीच्या कडेला पांढरे आणि टॅक्सीवेच्या (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्याच्या) कडेला निळे दिवे.

उजेड किती हवा

१:७२ च्या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस सुमारे २४ मि.मी. भरतो. त्याच्या शेजारी २० मिलिअँपिअरवर पेटलेला एलईडी सर्चलाइट वाटतो. आमचा अनुभव असा, की २ मिलिअँपिअर पुष्कळ होतात. प्रवाह कमी ठेवायला रेझिस्टर लावायचा, त्याचा हिशेब सोपा आहे: बॅटरीच्या व्होल्टेजमधून एलईडीचे व्होल्टेज वजा करा आणि उरलेल्याला अँपिअरमधल्या प्रवाहाने भागा. पांढऱ्या, निळ्या आणि आजकालच्या हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला सुमारे २. म्हणजे ९ व्होल्टच्या बॅटरीवर पांढऱ्यासाठी ६ भागिले ०.००२, उत्तर ३००० ओहम. बाजारात सहज मिळणारा ३.३ किलोओहमचा रेझिस्टर लावा. असे दहा दिवे नव्या अल्कलाइन बॅटरीवर साधारण वीस-पंचवीस तास चालतील.

प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर हवा. इथे काटकसर करू नका. एकाच रेझिस्टरवर लाल आणि पांढरा समांतर जोडला, तर लाल कमी व्होल्टेजवर पेटतो आणि जवळपास सगळा प्रवाह खाऊन टाकतो. पांढरा मात्र विझलेलाच राहतो, आणि ग्राहक आम्हाला कळवतात की पांढरा एलईडी खराब निघाला.

वायर, फायबर आणि गळणारा उजेड

एनॅमलचा (वीजरोधक लेपाचा) थर असलेली तांब्याची वायर ०.१ मि.मी. जाडीची आहे. टोकाचे एनॅमल ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर धरणार नाही. चाकाच्या दांड्यातून वायर खाली उतरवायला भोक पाडत बसण्याची गरज नाही. दांड्याच्या मागून वायर सोडा, दोन-तीन ठिकाणी बारीक पट्टीने बांधा आणि रंगवा. खऱ्या विमानात ब्रेकची नळी तशीच जाते, त्यामुळे वायर लपवावीही लागत नाही.

कॉकपिटच्या पॅनेलसाठी ०.२५ मि.मी.चे फायबर (उजेड वाहून नेणारा बारीक प्लास्टिकचा धागा) वापरा. तापलेले सोल्डरिंग आयर्न टोकाजवळ नेले, न टेकवता, की टोक फुगून छत्रीसारखे होते आणि भिंगाचे काम करते. फायबर चिकटवायला सुपर ग्लू नको. त्याने ते ठिसूळ होऊन तुटते, आणि त्याच्या वाफेने कॅनॉपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) पांढरी धुरकट झाक येते. पांढरा फेव्हिकॉल उत्तम, वाळला की पारदर्शक होतो.

मॉडेलचे प्लास्टिक पातळ असते. आत एलईडी लावला की अख्खे धड कंदिलासारखे उजळते. आतून आधी काळा आणि त्यावर चंदेरी रंग द्या, म्हणजे उजेड बाहेर झिरपत नाही आणि आत परावर्तितही होतो. मग दोन्ही भाग टेपने जोडून अंधाऱ्या खोलीत पाहा. जोडावरून रेघ चमकत असेल तर तिथे पुट्टी भरायची. ही तपासणी बाहेरचा रंग देण्याआधीच करा, नंतर केली तर रंग खरवडावा लागतो.

बेसचा तळ स्क्रूने बसवा, चिकटवू नका. बॅटरी बदलायची असते आणि एखादा सांधा कधीतरी सुटतोच.

बटण सेल

संचातल्या चाचणीच्या सीआर२०३२ सेलबद्दल गंभीरपणे सांगतो: लहान मुलांच्या हाती तो लागू देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच गंभीर इजा करू शकतो. शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. देखाव्यात असा सेल वापरणार असाल तर त्याची खोबणी स्क्रूच्या झाकणाची हवी.

दिवा लागत नसेल तर आधी एलईडी उलटा जोडला आहे का ते पाहा. पाय असलेल्या एलईडीत लांब पाय धन. तरीही अडलेच, तर आम्हाला लिहिताना मॉडेलचे प्रमाण, बॅटरीचे व्होल्टेज, रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या आणि जोडणीचा जवळून काढलेला फोटो पाठवा. नुसते 'चालत नाही' एवढेच कळवले, तर आम्हाला हेच सगळे प्रश्न उलट विचारावे लागतात.