मायटोकॉन्ड्रिया की मायक्रोसॅटेलाइट? एका भुंगेऱ्याचा माग

माउंटन पाइन बीटल हा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा काळा भुंगेरा. पश्चिम उत्तर अमेरिकेच्या डोंगरांत तो पाइनच्या सालीखाली अंडी घालतो आणि झाड मारतो. १९९०च्या दशकात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात त्याची साथ भडकली. २००६ साली तर वाऱ्याबरोबर त्याचे प्रचंड थवे रॉकी पर्वत ओलांडून शेजारच्या अल्बर्टा प्रांतात उतरले. ते आले कुठून, हे डीएनएवरून शोधता येतं. फक्त कोणत्या डीएनएवरून, हे बातम्यांत बहुतेकदा गुलदस्त्यात राहतं.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले छोटे भाग; त्यांचा स्वतःचा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. या डीएनएत बापाच्या बाजूची सरमिसळ नसल्यामुळे वंशावळ सरळ मागे नेता येते. कीटकांबाबतचा ढोबळ ठोकताळा असा, की वेगळ्या झालेल्या दोन वंशांत दहा लाख वर्षांत सुमारे २ टक्के फरक पडतो. जाती ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा तुकडा डीएनएच्या साधारण ६५० अक्षरांचा. म्हणजे दहा लाख वर्षांत फरक पडणार १३ अक्षरांचा; एका अक्षराला पाऊण लाख वर्षं! दिसायला जवळपास सारखा असणारा कॅलिफोर्नियातला जेफ्री पाइन बीटल वेगळा काढायला किंवा हिमयुगातल्या हालचाली शोधायला हे घड्याळ उत्तम. २००६चा प्रवास त्यात नव्या अक्षराच्या रूपाने उमटेल, ही अपेक्षाच चुकीची.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत 'सीए-सीए-सीए' असे पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे. नक्कल होताना ते घसरतात, आवर्तनांची संख्या बदलते, आणि तेही फार लवकर. शिवाय ते आई-बाप दोघांकडून येतात. म्हणून अलीकडच्या पिढ्यांची ये-जा त्यांतून दिसते. पश्चिम कॅनडातल्या भुंगेऱ्यांत दक्षिणेकडे जनुकीय विविधता जास्त आणि उत्तरेकडे कमी, हे चित्र याच खुणांतून स्पष्ट झालं. लांबच्या इतिहासासाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नये, कारण दोन वंश आपापल्या वाटेने त्याच संख्येवर पोहोचू शकतात.

याच खुणा भुंगेऱ्याऐवजी झाडांवरही लावल्या गेल्या. अल्बर्टात लॉजपोल आणि जॅक या पाइनच्या दोन जातींचा संकर होतो आणि नुसतं पाहून झाड ओळखणं अवघड जातं. भुंगेरा शुद्ध जॅक पाइनवर पोहोचल्याचं २०११ साली झाडांच्या डीएनएवरूनच ठरलं. जॅक पाइनचा पट्टा अटलांटिकपर्यंत जातो, त्यामुळे वनखात्याची झोप उडणं साहजिक होतं.

एका ठिकाणी मात्र दोन्ही खुणा अपुऱ्या पडतात. या जातीतल्या काही दूरदूरच्या समूहांचा संकर केला, की मुली ठीक निघतात, पण मुलगे वंध्य. कारण नराच्या वाय गुणसूत्रात दडलंय, आणि आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रिया त्याबद्दल काहीच सांगू शकत नाही. त्यासाठी वाय गुणसूत्रच वाचावं लागतं.