आजारी पडायच्या आधी जीपीकडे नाव घाला
इंग्लंडमध्ये व्हिसावर राहायला आलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घराच्या किल्ल्या हातात पडल्या की आम्हाला पहिला फोन येतो तो बँक खात्यासाठी, दुसरा मुलांच्या शाळेसाठी. डॉक्टरसाठीचा फोन येतो तो थेट रात्री, मुलाला ताप चढल्यावर. "एनएचएसचं कार्ड कुठे मिळतं?" असं कार्ड नसतंच. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. तिच्यात शिरायची वाट बहुतेक वेळा मोठ्या रुग्णालयातून जात नाही, ती जाते तुमच्या गल्लीतल्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातून. आणि तिथे नाव आधी घातलेलं असावं लागतं.

पैसे तुम्ही भरलेले आहेत

व्हिसाच्या अर्जाबरोबर जो हेल्थ सरचार्ज भरला, तो याचसाठी. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, तर विद्यार्थ्यांना आणि १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६ पौंड आहे, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम घेतात. नवरा, बायको, एक मूल आणि तीन वर्षांचा कामाचा व्हिसा, असा हिशोब केला तर ८,५३८ पौंड होतात. (हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावाल्यांना हा सरचार्ज माफ आहे.) एवढी रक्कम भरूनही लोक "आमचा इथे विमा नाही" म्हणून दुखणं अंगावर काढतात, याचं आम्हाला दर वेळी वाईट वाटतं. हा विमा नाही हे खरं. पॉलिसी नंबर नाही, क्लेम नाही, रुग्णालयात भरती होताना डिपॉझिटही नाही. व्हिसा चालू आहे तोवर इथल्या रहिवाशासारखेच उपचार मिळतात. अपवाद थोडे आहेत. औषधं, दात आणि चष्मा यांना इथल्या लोकांप्रमाणेच पैसे पडतात. आयव्हीएफसारखे उपचार मात्र ऑगस्ट २०१७ पासून सरचार्ज भरणाऱ्यांना मोफत मिळत नाहीत.

व्हिसा वाढवायचा असेल तर संपायच्या आत अर्ज करा. वेळेत अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत हक्क चालू राहतो. तारीख उलटली की रुग्णालयाचं बिल येऊ शकतं.

जीपीच्या काउंटरवर

ज्या दवाखान्याच्या हद्दीत तुमचं घर येतं तिथे नाव नोंदवायचं. ऑनलाइन फॉर्म असतो, नाहीतर काउंटरवर जीएमएस१ नावाचा कागदी फॉर्म मागा. पैसे लागत नाहीत. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. नियमच तसा आहे. तरी काउंटरवरची व्यक्ती सवयीने वीजबिल मागते, आणि नव्याने आलेला माणूस बिल नाही म्हणून मान खाली घालून परततो. आमच्या एका ग्राहकाने असे दोन महिने घालवले. बिल असेल तर जरूर दाखवा, काम लवकर होतं. नसेल तर शांतपणे म्हणा, "नोंदणी होत नसेल तर कारण लेखी द्या." कारण लेखी देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच फॉर्म पुढे सरकतो.

नोंदणी झाली की दहा आकडी एनएचएस नंबर मिळतो. फॉर्ममध्ये पूर्वीचे आजार लिहायच्या जागी आळस करू नका. चालू गोळ्यांची ब्रँडची नावं इथे कुणाला कळणार नाहीत, वेष्टनावरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम उतरवून काढा. मुलांच्या लसीकरणाची वही सोबत ठेवा.

इंग्रजीत दुखणं सांगताना अडत असेल तर वेळ घेतानाच "मराठी दुभाषी हवा" असं सांगा. तो मोफत मिळतो, बऱ्याचदा फोनवरून. शाळकरी मुलाला आईच्या पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरशी बोलायला लावू नका.

कुठे कधी जायचं

सर्दी, घसा, कान, चावलेला किडा सुजणं यांसाठी आधी केमिस्टकडे जा. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमधले फार्मासिस्ट ठरावीक सात तक्रारींवर जीपीच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ शकतात, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा. जीपीची वेळ बऱ्याच ठिकाणी सकाळी आठला फोन करून मिळते. आठ वाजून दहा मिनिटांनी लावलात तर त्या दिवसाच्या जागा संपलेल्या असतात, म्हणून दवाखान्याचा ऑनलाइन फॉर्म असेल तर तोच भरा. दवाखाना बंद असताना आणि थांबवत नसेल अशा वेळी १११ ला फोन करा. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, आणि कुठे जायचं ते तेच सांगतात. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, श्वास न पुरणं, न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी विचार करत न बसता थेट ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा.

ए अँड ई, म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग, हा रात्रीचा ओपीडी नव्हे. दाराशी परिचारिका गांभीर्य पाहून क्रम लावते, आधी आलेल्याला आधी असं तिथे नसतं. चार तासांत निकाली काढायचं मानक आहे, पण गर्दीच्या रात्री ते पाळलं जात नाही. मुरगळलेला पाय घेऊन गेलात तर फोनचा चार्जर न्या.

औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीला, खरं तर चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधाला, २०२५च्या दराने ९.९० पौंड पडतात. वर्षात बारा किंवा जास्त औषधं घेणार असाल तर ११४.५० पौंडांचं वार्षिक प्रीपेमेंट सर्टिफिकेट, म्हणजे वर्षभराच्या औषधांचे पैसे आधीच भरायचा पास, स्वस्त पडतं. १६ वर्षांखालची मुलं, साठीपुढचे आणि गरोदर बायका यांना औषध मोफत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर सगळ्यांनाच.

रुग्णालयाचं पत्र

तज्ज्ञ डॉक्टरकडे सहसा स्वतःहून जाता येत नाही, जीपीने पाठवावं लागतं. उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात कित्येकदा जास्त लागतात. कोणत्या रुग्णालयात रांग लहान आहे ते जीपीला विचारा, रुग्णालय निवडायचा हक्क तुम्हाला आहे. आमच्याच कार्यालयातल्या एकाचा गुडघ्याचा नंबर सात महिन्यांनी लागला, आणि पत्र गेलं जुन्या घरी. घर बदललेलं, जीपीला कळवलेलं नाही. तारीख चुकली, नाव यादीतून निघालं, पुन्हा जीपीपासून सुरुवात. घर बदललं की त्याच आठवड्यात जीपीला कळवा आणि एनएचएसचं अ‍ॅप फोनवर ठेवा.

बाळ इथे जन्मलं तर आई किंवा वडिलांच्या सरचार्जवर त्याला पहिले तीन महिनेच संरक्षण मिळतं. ते संपायच्या आत बाळाच्या व्हिसाचा अर्ज टाका. बाळंतपणाच्या धावपळीत हे हमखास राहून जातं.

आई-वडील भेटीला येतात तेव्हा

सरचार्जवर मिळणारा हक्क त्यांना लागू नाही. व्हिजिटर व्हिसावर सरचार्ज घेतच नाहीत. जीपी त्यांना तात्पुरते रुग्ण म्हणून तपासू शकतो, ए अँड ईमधली तपासणीही मोफत आहे. पण वॉर्डात भरती केलं की मीटर सुरू होतं, तेही एनएचएसच्या दराच्या १५० टक्क्यांनी. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त बिल दोन महिन्यांवर थकलं तर ते गृहखात्याला कळवलं जातं आणि पुढचा व्हिसा अडू शकतो. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या आई-वडिलांसाठी प्रवास विमा काढताना जुना आजार लपवू नका, नेमक्या त्याच कारणाने दावा नाकारला जातो.

नोंदणीचा फॉर्म भरायला, नकाराचं लेखी कारण मागायला किंवा बिलाचं पत्र समजून घ्यायला आमच्याकडे या. येताना पासपोर्ट आणि ईव्हिसाचा शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन दाखवायचा कोड) आणा. औषधोपचाराचा सल्ला आम्ही देत नाही.