चाक फिरवणारा उंदीर आणि अर्जाची पोच

काम अंगावर आलं की त्याचे तुकडे करा, एकेका तुकड्यावर टिक मारा, टिक मारली की मेंदूत डोपामिन हे रसायन सुटतं, असं सांगणारे व्हिडिओ हल्ली रोज फिरत असतात. सल्ला चांगला आहे, पण दिलेलं कारण पटणारं नाही. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की डोपामिनच्या पेशी मुख्यतः बक्षीस अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तेव्हा उसळतात. आपणच ठरवलेल्या, हमखास होणाऱ्या कामावर टिक मारण्यात अनपेक्षित असं काय असणार? तुकड्यांचा उपयोग होतो तो वेगळ्याच कारणाने. ते कळलं की तुकडे कसे पाडायचे हेही कळतं.

१९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांना दिसलं, की टाळता न येणारे विजेचे झटके सोसलेली कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बसून राहतात. हतबलता शिकली जाते, असा निष्कर्ष निघाला. मायर यांनी पुढची कित्येक वर्षं तिचं मेंदूतलं ठिकाण शोधण्यात घालवली, आणि २०१६ साली त्या दोघांनीच लिहिलं की मूळ सिद्धांत उलटा होता.

हे उलगडलं उंदरांच्या जोड्यांमुळे. दोन पेट्यांत दोन उंदीर. दोघांच्या शेपटीला सारखाच झटका, सुरू एका क्षणी आणि बंदही एकाच क्षणी. पहिल्याच्या पुढ्यात एक छोटं चाक असतं. त्याने ते फिरवलं की दोघांचाही झटका थांबतो. दुसऱ्याच्या हातात काहीच नसतं. त्रास दोघांनी अगदी सारखा भोगला, तरी दुसऱ्या दिवशी नुसतं पलीकडच्या कप्प्यात जाऊन सुटायची वेळ आली तेव्हा पहिला उंदीर सुटतो आणि दुसरा बहुतेकदा जागीच थिजतो.

मेंदूच्या देठात डॉर्सल राफे नावाचं केंद्र आहे, सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशींचं. झटक्यांनी ते दोघांतही चेतवलं जातं. एरवी या पेशींवरचे सेरोटोनिन टिपणारे ग्राहक (५-एचटी१ए रिसेप्टर) त्यांना आवर घालतात. दुसऱ्या उंदरात केंद्र इतकं भडकतं की हे ग्राहक काही दिवस सुस्त पडतात, आणि मग पुढच्या किरकोळ झटक्यालाही सेरोटोनिनचा पूर येतो. पहिल्या उंदरात मात्र कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मधला-खालचा पट्टा, 'माझ्या कृतीने हे थांबतंय' हे ओळखतो आणि राफेला दाबून ठेवतो. २००५ साली मायर यांच्या गटाने औषध टोचून हा पट्टा तात्पुरता बंद केला. चाक फिरवून झटका थांबवणारा उंदीरही मग दुसऱ्या दिवशी हतबल उंदरासारखाच वागला. म्हणजे गळून बसणं ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे. शिकला जातो तो ताबा. गळून गेलेल्या माणसाला आळशी म्हणणारे इथे सपशेल चुकतात.

आणखी एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. चाकाची सुरुवात पाव फेरीने होते. ती झटपट जमायला लागली की अपेक्षा थोडी वाढते, मग आणखी थोडी, शेवटी चार फेऱ्यांपर्यंत.

उंदरावरून माणसाकडे येताना जपून यावं, पण माणसांतही याला जुळणारा पुरावा आहे. १९८१ साली अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी वजाबाकीत कच्च्या मुलांना ४२ पानांचा सराव दिला. एका गटाला सांगितलं, रोज सहा पानं करा. दुसऱ्याला, सात दिवसांत ४२ करा. पानं तीच, वेळही तोच. सहा पानांच्या गटाला वजाबाकी जास्त चांगली आली आणि 'मला जमतं' हा विश्वासही त्यांच्यातच जास्त वाढला.

आता एक खरंखुरं ओझं घेऊ: घरातलं माणूस गेल्यानंतरची कागदपत्रं. मृत्यूचा दाखला, बँका, विमा, पेन्शन, सातबाऱ्यावर वारसनोंद. डोकं आधीच सुन्न असतं. अशा वेळी 'बँकेचं काम' हा तुकडा नव्हेच, तो अख्खा डोंगर आहे. 'कपाटातली पासबुकं काढून खाते क्रमांक वहीत उतरवणे' हा तुकडा, पंधरा-वीस मिनिटांचा. सर्वात जास्त चूक होते ती अशी, की लोक 'वारसनोंद होणे' असं लिहितात. ती होणं महसूल कार्यालयाच्या हातात, नोटिशीची मुदतच १५ दिवसांची. आठवडाभर काही हललं नाही की आपण चाक नसलेला उंदीर होतो. त्याऐवजी 'अर्ज देऊन तारखेची पोच घेणे' असं लिहावं. पोच हातात पडली की तुमचं काम झालं. वाट पाहण्याची कामं वहीच्या दुसऱ्या पानावर, पुन्हा विचारायच्या तारखेसह. बँकेचा दावा पूर्ण कागदांसह दिला असेल तर १५ दिवसांनंतरची.

उलट चूकही होते. नवी फाइल आणणं, रंगीत लेबलं लावणं ही पावलं सोपी असतात, पण त्यांनी बाहेर काहीच बदलत नाही. चाक फिरलं आणि झटका चालूच राहिला, तर मेंदूला कळणार काय?

साडेसाती म्हणून नीलमाची अंगठी घेण्यातही मला हाच तोटा दिसतो. पैसे जातात हे आहेच, शिवाय काम झाल्यावर श्रेय खड्याला मिळतं आणि 'हे मी केलं' ही नोंदच होत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेलेली असेल, पाव फेरीही होत नसेल, तर वही बाजूला ठेवून १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करावा. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी एकच करावं: मृत्यूची नोंद झाली आहे का हे पाहावं. २१ दिवसांच्या आत ती विलंबशुल्काशिवाय होते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच मागाव्यात, कारण जो तो एकेक मागतो. एखाद्या कार्यालयातून अर्ज परत आला, तर नेमका कोणता कागद कमी पडला ते खिडकीवरच विचारून, तिथेच उभं राहून वहीत लिहून घ्यावं.